इथं खडाखडी हीच कुस्ती: ज्युडोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे वाढलेल्या मराठी माणसाला कुस्ती कशी बघायची हे शिकवावं लागत नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर जवळच, तिथल्या वस्ताद माणिकरावांच्या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या, आणि लहानपणी कमाटीबागेत नेलं की म्युझियममधला तो धोंडा दाखवायचाच, गामा पैलवानाने १९०२ साली उचलला म्हणतात तो. त्यामुळे भाचीने ज्युडो सुरू केलं आणि एका रविवारी पॅरिसची स्पर्धा लॅपटॉपवर लावली, तेव्हा मी खुर्ची ओढून जाणकाराच्या थाटात बसलो. "आता हा पट काढणार बघ," असं तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा ती वैतागली. "मामा, पायाला हात लावला तर त्याला शिडो मिळेल, दंड! तू हात बघ ना, पाय काय बघतोस!"

तिच्या त्या वैतागातून हा लेख निघाला आहे. ज्यांच्या घरातलं एखादं पोर ज्युडोला जायला लागलंय, किंवा ऑलिंपिकच्या वेळी दोन मिनिटं बघून 'नुसती कपड्यांची ओढाताण चाललीय' म्हणत ज्यांनी चॅनेल बदललं, त्यांच्यासाठी. कुस्तीची नजर असेल तर अर्धी वाट आपोआप सोपी होते. उरलेल्या अर्ध्या वाटेवर तीच नजर आडवी येते.

स्पर्धा आणि दिवस निवडा

आंतरराष्ट्रीय ज्युडो महासंघाच्या स्पर्धांची एक उतरंड आहे. ग्रां प्री जिंकणाऱ्याला ७०० गुण, ग्रँड स्लॅमला १०००, मास्टर्सला १८०० आणि जागतिक अजिंक्यपदाला २०००. या गुणांवर जागतिक क्रमवारी ठरते आणि क्रमवारीवर ऑलिंपिकचं तिकीट. म्हणून एखाद्या आडबाजूच्या शहरातल्या ग्रां प्रीमध्येही नावाजलेले खेळाडू घाम गाळताना दिसतात.

नवख्याने सुरुवात ग्रँड स्लॅमपासून करावी, असं माझं मत. जागतिक अजिंक्यपद आठवडाभर चालतं, रोज मोजकेच वजनगट. ग्रँड स्लॅम दोन-तीन दिवसांत आटोपते, पुरुष आणि स्त्रिया एकाच दिवशी शेजारशेजारच्या मॅटवर खेळतात, आणि चौदाही गट बघून होतात. पुरुषांचे ६०, ६६, ७३, ८१, ९०, १०० किलोंपर्यंतचे आणि १००च्या वरचा. स्त्रियांचे ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ किलोंपर्यंतचे आणि ७८च्या वरचा. हलके गट आधी, भारी शेवटच्या दिवशी.

पहिल्यांदा पाहताना सगळ्यात हलका गट टाळा. ४८ आणि ६० किलोंमध्ये हालचाल इतकी झरझर होते की पाठ टेकल्यावर कळतं काहीतरी झालं. सगळ्यात भारी गटही नको. तिथे दोन डोंगर एकमेकांना रेटताहेत असंच वाटत राहतं. स्त्रियांचा ५७ किलो किंवा पुरुषांचा ८१ किलो घ्या. वेगही असतो आणि डाव उलगडताना डोळ्याला सापडतो.

वेळेचं गणित आधी करून ठेवा. फेब्रुवारीत पॅरिसचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथल्या सकाळच्या फेऱ्या आपल्याकडे दुपारच्या जेवणानंतर आणि अंतिम लढती रात्री. टोकियो साडेतीन तास पुढे, तेव्हा तिकडची सकाळ पकडायची तर दूधवाल्याच्या आधी उठावं लागतं. थेट प्रक्षेपण महासंघाच्या 'ज्युडो टीव्ही' वर असतं. खातं आदल्या दिवशी उघडून ठेवा. मी ऐन वेळी उघडायला गेलो आणि पासवर्ड जुळवता जुळवता उपांत्य फेरी निघून गेली.

आदल्या रात्री ड्रॉ बघून घ्या

ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी लढणार याचा तक्ता, आदल्या दिवशी निघतो आणि महासंघाच्या संकेतस्थळावर लागतो. प्रत्येक गटाचे अ, ब, क, ड असे चार भाग. पहिले आठ मानांकित खेळाडू असे विभागलेले की पहिला आणि दुसरा क्रमांक अंतिम फेरीआधी समोरासमोर येत नाहीत. सगळी नावं वाचत बसू नका. मानांकित आठ बघा, भारताचं कुणी असेल तर त्याचा मॅट क्रमांक आणि लढत क्रमांक कागदावर लिहा. एकाच वेळी तीन-चार मॅटवर लढती चालू असतात, आणि आपली लढत तिसऱ्या मॅटवर संपली तरी आपण पहिल्याच मॅटकडे बघत बसलेलो असतो.

आपल्या खेळाडूसाठी वेळेवर बसाच, कारण ज्युडोत दुसरी संधी सहज मिळत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुलिका मानची लढत क्युबाच्या इदालिस ऑर्तिझशी होती, जिच्या नावावर आधीची चार ऑलिंपिक पदकं. २८ सेकंदांत निकाल लागला. चहा आणायला गेलेल्यांना काहीच दिसलं नाही.

वजन आदल्या संध्याकाळी होतं. म्हणजे रात्री पोटभर जेवून सकाळी दांडगाई करण्याची सोय? ती नाही. सकाळी काही खेळाडूंची चिठ्ठी काढून पुन्हा वजन करतात आणि गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त भरलं तर बाहेर. जत्रेतल्या फडावर नजरेने जोड लावणाऱ्या आपल्या पंचांना हे फार कोरडं वाटेल.

कोण पांढरा, कोण निळा

हे झटपट. ज्याचं नाव आधी पुकारलं तो पांढऱ्या पोशाखात, दुसरा निळ्यात. निळा रंग गेल्या शतकाच्या शेवटी आला, प्रेक्षकांना आणि पंचांना दोघं वेगळे दिसावेत म्हणून, आणि जपानी जुन्या मंडळींनी तेव्हा बरीच नाकं मुरडली होती. पोशाखाला ज्युडोगी म्हणतात, जाड विणीच्या सुती कापडाचा. बाही मनगटापर्यंत पोहोचायलाच हवी, कारण आखूड बाही धरायला सापडत नाही. स्त्रिया आतून साधा पांढरा टीशर्ट घालतात. मॅटवर चढण्याआधी नमस्कार, उतरतानाही नमस्कार. सलामीची सवय असलेल्या आपल्याला यात नवल नाही.

आता मुख्य गोष्ट: हात बघा

इथे थोडं थांबा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

कुस्तीत जोड हलगीवर आत येते, हात मिळवतात, मग मिनिटभर खडाखडी. मानेवर हात, मनगट झटकणं, अंदाज घेणं. समालोचक तेवढ्यात दोन्ही पैलवानांच्या तालमी आणि वस्तादांची नावं सांगून घेतो, कारण त्याला माहीत असतं की खरं काम पुढे आहे. आपणही तेवढ्यात शेंगा सोलून घेतो. ज्युडोत ही खडाखडीच खरं काम आहे. तिला कुमी-काता म्हणतात. चार मिनिटांच्या लढतीत फेकण्याचा क्षण जेमतेम सेकंदाचा, उरलेला सगळा वेळ कोणाच्या हाताने कोणाचं कापड कुठे धरायचं याची झोंबाझोंबी. ती कळली नाही तर लढत कंटाळवाणी वाटते. कळली की फेक व्हायच्या आधीच तुम्हाला ती येताना दिसते.

उजव्या हाताचा खेळाडू साधारण असा धरतो: उजवा हात समोरच्याच्या गळपट्टीवर, छातीपासून मानेच्या मागपर्यंत कुठेही. डावा हात समोरच्याच्या उजव्या बाहीवर, कोपराजवळ. गळपट्टीवरच्या हाताला जपानीत त्सुरिते म्हणतात, म्हणजे उचलणारा हात. बाहीवरच्या हाताला हिकिते, ओढणारा हात. एक वर उचलतो, दुसरा पुढे ओढतो आणि समोरच्याचा तोल बोटांवर येतो. तोल बिघडवण्याला कुझुशी म्हणतात. हा टप्पा गाळून मारलेला डाव भिंतीवर डोकं आपटल्यासारखा परत येतो.

आता गंमत पाहा. दोघेही उजवे असले तर माझा बाही धरणारा हात त्याच्या उचलणाऱ्या हातावरच असतो. त्याची बाही खाली दाबून ठेवली की त्याचं निम्मं हत्यार गेलं. म्हणून दोघेही एकमेकांची बाही मिळवायला आणि आपली सोडवायला झटके देत असतात. अंगाला हिसडा देऊन पकड तोडताना कापडाचा जो फटका वाजतो, तो मैदानात ऐकू येतो. जपानीत या मांडणीला आइ-योत्सु म्हणतात.

एक उजवा आणि एक डावा असला की चित्र आरशासारखं उलटतं. दोघांचे गळपट्टीवरचे हात एकाच बाजूला येतात आणि एकमेकांवर चढाओढ करतात: कोणाचा आतून, कोणाचा बाहेरून. बाही मात्र दोघांनाही लांब पडते. याला केंका-योत्सु म्हणतात. जपानीत केंका म्हणजे भांडण, आणि नाव अगदी चपखल आहे. दोन डावखुऱ्या-उजव्या सुना एकाच ओट्यावर पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या तर जे होईल ते.

तेव्हा पहिली लढत अशी बघा. पंचाचं 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा', ऐकू आलं की पाय, चेहरा, प्रशिक्षक सगळं विसरा. फक्त चार हात बघा आणि मनात उत्तर द्या: बाही कोणाला मिळाली? दोन्ही हात कोणाचे पक्के आहेत? ज्याचे दोन्ही पक्के आणि समोरच्याचा एकच, तो येत्या दोन-तीन सेकंदांत हल्ला करणार. तुमचा अंदाज खरा ठरायला लागला की समजा, तुम्ही ज्युडो बघायला लागलात.

विश्वास बसत नसेल तर घरातलं जुनं डेनिमचं जाकीट काढा. भावाला घालायला सांगा, एक हात त्याच्या कॉलरवर, एक कोपराजवळच्या बाहीवर ठेवा आणि मिनिटभर त्याला हलवायचा प्रयत्न करा. तो सोडवायला लागला की तुमच्या कोपराखालचा हात पेटेल. मी भाचीचा ज्युडोगी धरून हे केलं आणि पुढे दोन दिवस मला कपात चमचा फिरवताना त्रास होत होता. कपड्यांची ओढाताण म्हणून हसायचं त्यानंतर बंद झालं.

२०२० साली १३ डिसेंबरला टोकियोच्या कोदोकानमध्ये आबे हिफुमी आणि मारुयामा जोशिरो हे दोन जपानी ६६ किलो गटातली ऑलिंपिकची एकुलती एक जागा मिळवण्यासाठी लढले. लढत २४ मिनिटं चालली. हात बघणाऱ्याला त्यातला एक क्षणही वाया जात नाही. पाय बघणारा मात्र दहाव्या मिनिटाला झोपी जाईल.

पडणं आणि गुण

कुस्तीत पाठ टेकली की चितपट, मग ती कशीही टेको. ज्युडोत ती कशी टेकली हे मोजतात. इप्पोनसाठी, म्हणजे थेट विजय देणाऱ्या पूर्ण गुणासाठी, चार गोष्टी लागतात: पाठीवर पडणं, वेग, जोर आणि शेवटपर्यंत ताबा. चारही असतील तर पंच हात सरळ डोक्यावर नेतो आणि लढत तिथेच खलास, मग घड्याळात तीन मिनिटं पन्नास सेकंद शिल्लक का असेनात. काहीतरी उणं राहिलं तर वाझा-आरी, हात खांद्याच्या रेषेत आडवा. दोन वाझा-आरी मिळाल्या की इप्पोन. कुशीवर पडला तर युको, हात कमरेपासून तिरपा खाली.

युकोचं एक सांगतो. २०१७ साली तो काढून टाकला होता आणि २०२५ पासून परत आला. मधल्या काळातल्या लढती बघाल तर फलकावर तो दिसणार नाही, गोंधळू नका. युको कितीही जमले तरी त्यांची वाझा-आरी होत नाही. एक वाझा-आरी दहा युकोंवर भारी.

वेळ संपून बरोबरी असेल तर कुस्तीच्या फडासारखं 'बरोबरीत सोडवली' म्हणायची सोय नाही. गोल्डन स्कोअर सुरू होतो, त्याला वेळेची मर्यादा नाही, आणि पहिला गुण मिळवणारा जिंकतो. शेवटी थकवा ठरवतो असं लोक म्हणतात. मला वाटतं बोटं ठरवतात. ज्याची पकड आधी ढिली पडते तो जातो.

डावांची नावं पहिल्याच दिवशी पाठ करायला जाऊ नका. तीन पुरेत, आणि तिन्हींना आपल्याकडे भावकी आहे. सेओई-नागे म्हणजे वळून समोरच्याला पाठीवरून पुढे टाकणं, आपल्या धोबीपछाडीचा सख्खा चुलतभाऊ. ओ-सोतो-गारी म्हणजे बाहेरून पाय घालून मागे पाडणं, बाहेरली टांग. ओ-उची-गारी म्हणजे आतून, आतली टांग. चौथा उची-माता आहे, समोरच्याच्या मांड्यांच्या मधून पाय उसळवत त्याला वर उचलणारा. तो बघण्यात सगळ्यात देखणा आणि त्यात एका पायावर तोल सांभाळावा लागतो.

जमिनीवर गेल्यावर

फेक पूर्ण न होता दोघं खाली गेले की नवखे लोक मोबाइल बघायला लागतात. कुस्तीत पालथा पडून पाठ वाचवणारा पैलवान असतो तसाच इथेही पालथा पडून कासव होणारा असतो. फरक असा की जमिनीवर नुसतं पलटवून पाठ टेकवल्याने काही होत नाही. पाठीवर धरून ठेवावं लागतं. पंच 'ओसाएकोमी' म्हणतो आणि घड्याळ सुरू होतं: ५ सेकंदांना युको, १० ला वाझा-आरी, २० ला इप्पोन. खालचा सुटला की 'तोकेता'. त्याने दोन्ही पायांनी वरच्याचा पाय कवळून धरला तरी सुटका मानतात, म्हणून खालच्याचे पाय वळवळत काय शोधताहेत ते बघा. हा एकच प्रसंग, जिथे मी तुम्हाला पाय बघायला सांगतो.

कोपराचा सांधा उलटा ताणणं आणि गळा आवळणं, हेही जमिनीवर चालतं. घरातल्या आजींना हे बघून धडकी भरते. ज्याला सहन होत नाही त्याने हाताने दोनदा थोपटलं की समोरचा त्याच क्षणी सोडतो. सांध्यांपैकी फक्त कोपरच. गुडघा, मनगट, मान नाही. काही सेकंद काहीच पुढे सरकत नसेल तर पंच 'मत्ते' म्हणून दोघांना उभं करतो.

आणि मत्ते झालं की प्रशिक्षकाच्या खुर्चीकडे कान द्या. लढत चालू असताना त्याला बोलायची मनाई आहे, फक्त मत्ते ते हाजिमे एवढ्या वेळात तो बोलू शकतो. आमच्याकडच्या फडावर दहा वस्ताद आणि शंभर हौशी एकदम ओरडत असतात, त्यामानाने ही शांतता ऐकण्यासारखी असते. प्रशिक्षक काय ओरडतो? भाषा कळली नाही तरी त्याचे हात बघा. दहापैकी आठ वेळा तो बाही धरण्याची खूण करत असतो.

शिडो: जिथे सगळे गोंधळतात

माझ्या मित्रमंडळींनी पहिल्यांदा ज्युडो पाहिलं तेव्हा सगळ्यात जास्त चिडचिड याचीच झाली. कुणी पडलं नाही, कुणी धरून ठेवलं नाही, आणि एकदम एकाला विजयी म्हणून हात दाखवला. झालं असं होतं की हरणाऱ्याला तिसरा शिडो मिळाला होता. शिडो म्हणजे समज. तीन झाल्या की हानसोकुमाके, बाद. एक-दोन शिडोंच्या फरकाने निकाल लागत नाही, तिसराच मारतो.

फलकावर पिवळ्या खुणा दिसतात त्या शिडोंच्या. त्या का मिळतात, हे पंचाच्या हातांवरून वाचता येतं. छातीसमोर दोन्ही हात चरख्यासारखे फिरवून बोट दाखवलं तर 'तू लढतच नाहीस'. मुठी पुढे करून खाली झटकल्या तर 'खोटा हल्ला केलास', म्हणजे पाडण्याचा इरादा नसताना नुसतं खाली लोळून वेळ काढला. मॅटच्या बाहेर पाय टाकला, कंबरेत वाकून नुसता बचाव केला, समोरच्याच्या बाहीच्या आत बोटं घातली, तरीही शिडो.

आणि पाय. माझा लाडका पट. कमरेखाली हाताने धरण्यावर २०१० पासून बंधनं आली आणि २०१३ मध्ये ती पक्की झाली. त्याआधी कुस्तीतून आलेले खेळाडू वाकून पाय उचलत आणि ज्युडोची उभी, ताठ ठेवण मोडत, अशी तक्रार होती. नियम आल्यावर कलाजंगासारखे डाव हाताने पाय न धरता मारण्याच्या नव्या तऱ्हा निघाल्या. मला अजूनही वाटतं की या नियमाने खेळातला एक रांगडा भाग गेला. भाचीला वाटतं की त्यामुळेच हातांचा खेळ बहरला. आमचा हा वाद दर स्पर्धेला होतो, तुमच्या घरीही व्हायला हरकत नाही.

नवख्यांसाठी युक्ती: दोन-दोन शिडो झाले की चहा खाली ठेवा. आता दोघांनाही हल्ला करावाच लागतो, नाही तर बाद. उत्तम फेका पुष्कळदा याच वेळी होतात.

बायकांच्या लढती मधल्या वेळेत बघण्यासाठी नाहीत

घरात स्पर्धा लावली की एखादे काका हमखास म्हणतात, 'पुरुषांची अंतिम लढत आली की हाक मार.' त्यांना हे सांगा. १९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत रस्टी कानोकोगी नावाची बाई पुरुष म्हणून उतरली, लढत जिंकली, आणि बाई आहे हे कळल्यावर तिचं पदक काढून घेतलं. तिनेच पुढे खटपट करून १९८० मध्ये न्यूयॉर्कला स्त्रियांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद भरवलं. पुरुषांचं ज्युडो १९६४ ला ऑलिंपिकमध्ये आलं, स्त्रियांना पदकांसाठी १९९२ पर्यंत थांबावं लागलं. लढतीचा वेळही पूर्वी वेगळा होता, पुरुषांना पाच मिनिटं. २०१७ पासून दोघांना चार.

बघण्याच्या दृष्टीने माझा अनुभव असा की हातांचा खेळ शिकायचा तर स्त्रियांच्या मधल्या वजनगटांतल्या लढती जास्त उपयोगी पडतात. नुसत्या ताकदीवर रेटून नेणं कमी दिसतं, पकडीची अदलाबदल जास्त. आणि भारतापुरतं बोलायचं तर अलीकडची मोठी नावं त्यांचीच आहेत: सुशीला देवी लिक्माबाम, राष्ट्रकुलमध्ये २०१४ आणि २०२२ ला रौप्य, तुलिका मान, २०२२ ला रौप्य, आणि मणिपूरची लिंथोई चनंबम, जी २०२२ मध्ये सारायेवोला कॅडेट म्हणजे किशोर गटात ५७ किलोंत जगज्जेती झाली. जागतिक ज्युडोत कुठल्याही वयोगटातलं भारताचं ते पहिलं पदक. पुरुषांच्या बाजूला १९८६च्या सोल आशियाई खेळांतली चार कांस्यपदकं जुनी मंडळी अजून आठवतात, त्यांतलं एक मुंबईच्या कावस बिलिमोरियाचं.

मिश्र सांघिक स्पर्धा सापडली तर सोडू नका. तीन बाया, तीन पुरुष, चार लढती जिंकणारा संघ विजयी. ३-३ झाले तर चिठ्ठी काढून एक गट पुन्हा. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात फ्रान्स-जपान असेच अडकले, पडद्यावरचं चक्र फिरलं आणि नव्वद किलोंवरचा गट निघाला. फ्रान्सचा तेडी रिनेर, घरच्या प्रेक्षकांसमोर. पुढचं तुम्हीच शोधून बघा, सुरुवातीसाठी याहून चांगली लढत मी सुचवू शकत नाही.

दिवस कसा लावायचा

सकाळी प्राथमिक फेऱ्या, मग विश्रांती, मग अंतिम टप्पा. अंतिम टप्पा एकाच मॅटवर आणि दिव्यांच्या झगमगाटात होतो, म्हणून लोक तेवढाच बघतात. नवख्याने सकाळच्या फेऱ्यांतलाही तासभर बघावा. तिथे मातब्बर आणि कच्चे खेळाडू समोरासमोर येतात आणि पकड मिळाल्यावर काय होतं ते चटकन दिसतं. अंतिम टप्प्यात दोघंही इतके तरबेज की एकमेकांना काही मिळूच देत नाहीत.

कांस्यपदकं दोन असतात. कुस्तीच्या रेपेचाजची सवय असलेल्यांना इथे चकवा बसतो. कुस्तीत अंतिम फेरीत गेलेल्याकडून हरलेल्यांना परत संधी मिळते. ज्युडोत फक्त उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना. पहिल्या फेरीत हरलेला, त्याला हरवणारा पुढे सुवर्ण का जिंकेना, घरी जातो.

रविवार असेल तर मधल्या विश्रांतीत सेव उसळ खाऊन यायला वेळ पुरतो, मी तेवढं मोजलेलं आहे.

पडद्यावरून प्रत्यक्ष मॅटजवळ

एक-दोन स्पर्धा बघून झाल्या की जवळच्या ज्युडो वर्गात जाऊन तासभर बसा. ज्युडो आपल्या देशाला तसं नवं नाही, १९२९ साली रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून ताकागाकी शिंझो शांतिनिकेतनात शिकवायला आले होते. वर्गात पहिले कित्येक आठवडे मुलं फक्त पडायला शिकतात, जमिनीवर हात आपटून. तो आवाज जवळून ऐकला की पडद्यावरच्या इप्पोनचं वजन कळतं.

पोराची स्वतःची पहिली जिल्हा स्पर्धा असेल तर थोडी तयारी लागते. चपला मॅटच्या कडेपर्यंत पायात हव्यात, अनवाणी फिरून आलेले पाय मॅटवर चालत नाहीत. केस बांधायला साधं रबर, धातूची क्लिप नको. प्रेक्षकांत बसताना प्रशिक्षकाच्या खुर्चीमागे जागा मिळाली तर उत्तम, आणि तिथून ओरडू नका, पोराला तुमचाच आवाज ऐकू जातो आणि बाही सुटते. आणि नखं, हातापायांची, आदल्या रात्रीच कापा. भाचीच्या पहिल्या स्पर्धेत तपासणीच्या रांगेत तिला नखांसाठी बाजूला काढलं, आणि मी कडक उन्हात तीन दुकानं पालथी घातली. तेव्हापासून माझ्या स्कूटरच्या डिकीत टायरचा पंप, एक छत्री आणि दोन नेलकटर असतात. दुसरा नेलकटर कुणी मागेल म्हणून, आणि दर स्पर्धेला कुणीतरी मागतोच.